कागदी विमान किती लांब जाईल आणि त्यात पंखांच्या रुंदीचा हात किती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंख जितके रुंद, तितकं विमान लांब जातं का?

नाही, आणि याच्या उलटही खरं नाही. विमान हळू सोडलं तर रुंद पंखांचं पुढे जातं आणि जोरात फेकलं तर बहुतेक वेळा अरुंद पंखांचं. फेकीचा वेग सांगितल्याशिवाय "कोणते पंख चांगले" या प्रश्नाला अर्थच राहत नाही. पुढची बरीच उत्तरं या एका गोष्टीभोवती फिरतात.

रुंदी मोजायची कुठून कुठपर्यंत?

डाव्या पंखाच्या टोकापासून उजव्या पंखाच्या टोकापर्यंत, विमान उडताना पंख जसे उघडे असतात तसे ठेवून. नाकाकडून शेपटीकडे जाणारं माप ही पंखाची लांबी. ती वेगळी लिहून ठेवा. बऱ्याच प्रकल्पवह्यांत ही दोन मापं एकमेकांत मिसळलेली असतात आणि मग निष्कर्ष कशाचा काढला तेच कळत नाही. पंख त्रिकोणी असतील तर सर्वांत रुंद जागी, म्हणजे साधारण मागच्या कडेशी मोजा.

रुंद पंखांचं विमान सावकाश का तरंगतं?

वजन तेच राहतं आणि ते पेलायला पंख मोठा मिळतो, म्हणून. ए-फोर कागद 210 × 297 मिलीमीटरचा, म्हणजे चौरस मीटरचा सोळावा भाग. 80 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 80 ग्रॅम वजनाचा, एक कागद म्हणूनच 5 ग्रॅम भरतो. तुम्ही त्याच्या कितीही घड्या घाला, ते 5 ग्रॅम कुठे जात नाहीत. घड्यांनी बदलतं ते एवढंच, की त्यातला किती कागद पंख म्हणून हवेवर टेकतो.

आकडे घालून पाहू. पंखांचं एकूण क्षेत्रफळ 200 चौरस सेंटीमीटर असेल आणि विमान नाक किंचित वर ठेवून तरंगत असेल, तर 5 ग्रॅम पेलायला त्याला सेकंदाला साधारण 2.9 मीटर वेग पुरतो. क्षेत्रफळ निम्मं, म्हणजे 100 चौरस सेंटीमीटर केलं, तर त्याच कोनात साधारण 4 मीटर लागतो. पंख निम्मे झाले म्हणून वेग दुप्पट होत नाही, दोनच्या वर्गमुळाच्या पटीत वाढतो, कारण पंखाची उचल, म्हणजे हवा पंखाला वर ढकलते तो जोर, वेगाच्या वर्गावर अवलंबून असते.

सावकाश तरंगतं म्हणजे लांबही जातं ना?

इथे गफलत होते. सावकाश तरंगणं म्हणजे जास्त वेळ हवेत राहणं. अंतर ठरतं ते वेगळ्याच हिशोबाने: एक मीटर खाली येईपर्यंत विमान किती मीटर पुढे सरकतं. हे प्रमाण 5 असेल, तर दीड मीटर उंचीवरून अलगद सोडलेलं विमान साडेसात मीटर जाईल, मग त्याचा वेग 3 असो की 4. प्रमाण 3 असेल तर साडेचार मीटरवर टेकेल.

रुंद पंखांनी हे प्रमाणही बहुधा सुधारतं, म्हणून अलगद सोडण्याच्या स्पर्धेत ते जिंकतात. पण त्यामागचं कारण वेगळं आहे.

ते कारण कोणतं?

पंखाखालची हवा किंचित जास्त दाबाखाली असते आणि वरची कमी. पंखाच्या टोकाशी पोचल्यावर खालची हवा कडेवरून वर निसटते आणि टोकामागे भोवरे तयार होतात. ते भोवरे फिरवायला लागणारी ऊर्जा विमानाच्याच खिशातून जाते. पंख रुंद असेल तर टोकाजवळचा हा बिघडलेला भाग एकूण पंखाच्या मानाने लहान राहतो.

फरक चांगला मोठा असतो. वजन आणि वेग तेच ठेवून रुंदी निम्मी केली, तर भोवऱ्यांमुळे होणारा रोध, म्हणजे विमानाला मागे खेचणारा जोर, साधारण चौपट होतो. म्हणजे 200 चौरस सेंटीमीटरचाच पंख 20 सेंटीमीटर रुंद आणि 10 लांब केला, तर तो 10 रुंद आणि 20 लांब पंखापेक्षा सावकाश उड्डाणात बराच सरस ठरतो. कागद तेवढाच, क्षेत्रफळ तेवढंच, फक्त आडवा की उभा एवढाच फरक. उंच घिरट्या घालणाऱ्या पक्ष्यांचे आणि इंजिन नसलेल्या ग्लायडरचे पंख एवढे रुंद पसरलेले का असतात, त्याचंही उत्तर हेच.

पण हा रोध वेग वाढला की कमी होतो, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. उलट कागदाच्या पृष्ठभागावर हवा घासून होणारा आणि जाड नाकामुळे होणारा रोध वेगाच्या वर्गाने वाढत जातो. हळू उडताना भोवरे महाग पडतात, वेगात घर्षण. अरुंद विमान जोरदार फेकीत बाजी मारतं ते याचमुळे: भोवऱ्यांचा तोटा तिथे फारसा जाणवत नाही आणि हवेला घासणारा कागदही कमी असतो, कारण त्याचा बराचसा भाग घड्यांच्या आत गेलेला असतो.

रुंद पंखांचं विमान जोरात फेकलं की सरळ वर जाऊन उलटं का पडतं?

समजा विमान सेकंदाला 3 मीटर वेगाला नीट तरंगेल असं जुळवलं आहे. त्या वेगाला उचल आणि वजन समान. तेच विमान 9 मीटर वेगाने फेकलं, की वेग तिप्पट आणि उचल नऊपट. वजनाच्या नऊपट उचल मिळालेलं विमान सरळ जाणारच नाही. ते नाक वर करतं, वर्तुळ घेऊ लागतं, वर पोचेपर्यंत वेग संपतो आणि मग नाकावर किंवा शेपटीवर खाली येतं. पाहणाऱ्याला वाटतं विमान बिघडलं. विमान ठीक आहे, फेक त्याच्या मापाची नव्हती.

फोनवर स्लो मोशनमध्ये अशी फेक टिपून पाहा. हात सुटतो त्या क्षणी दोन्ही पंखांची टोकं वर उचलली जातात आणि समोरून विमान इंग्रजी व्ही अक्षरासारखं दिसतं. वेग कमी झाला की पंख पुन्हा आडवे होतात, पण तोवर पोटाजवळची, म्हणजे पंखांखालच्या हातात धरायच्या भागाजवळची, घडी सैल पडलेली असते. चार-पाच जोरदार फेकींनंतर रुंद विमान मुळात होतं तसं राहतच नाही. म्हणून तुलना करताना रुंद नमुन्याची नवी प्रत मध्येच घडवून घेणं न्यायाचं ठरतं.

जागतिक विक्रमांमध्ये पंख कसे होते?

दोन्ही तऱ्हेचे. 2012 मध्ये जो अयूब यांनी जॉन कॉलिन्स यांनी घडवलेलं विमान 69.14 मीटर फेकलं. हे विमान त्या आधीच्या बाणासारख्या नमुन्यांपेक्षा रुंद पंखांचं, तरंगणारं होतं. अयूब हे अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू लांब फेकणारे खेळाडू होते, म्हणून हात तयार. वेगाचं रूपांतर आधी उंचीत करायचं आणि मग त्या उंचीवरून तरंगत यायचं, असा तो डाव.

या डावात किती दम आहे ते मोजता येतं. सेकंदाला 10 मीटर वेगात 5 मीटर उंच चढण्याइतकी ऊर्जा असते. काहीच वाया गेलं नाही आणि खाली येताना प्रमाण 5 राहिलं, तर खांद्याची उंची धरून साडेसहा मीटरवरून बत्तीस मीटरच्या आसपास अंतर मिळतं. प्रत्यक्षात बरंच वाया जातं, म्हणून विक्रमासाठी वेग याहून पुष्कळ जास्त लागतो.

पुढे 2022 मध्ये हा विक्रम दोनदा मोडला. एप्रिलमध्ये दक्षिण कोरियात 77.134 मीटर आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात 88.318 मीटर. डिसेंबरच्या विमानाची प्रेरणा ध्वनीच्या अनेक पट वेगाने जाणाऱ्या विमानांच्या आकारातून घेतलेली होती: अरुंद, टोकदार, जोरात फेकायचं.

हवेत टिकण्याचा विक्रम निराळा. 1998 मध्ये केन ब्लॅकबर्न यांनी 27.6 सेकंद गाठले, 2010 मध्ये ताकुओ तोडा यांनी 29.2 सेकंद. तिथे पंख रुंदच लागतात. फेक मात्र जवळपास सरळ वर आणि पूर्ण ताकदीने असते, म्हणून पुढची कड भरपूर घड्यांनी कडक केलेली असते. रुंद पंख जोरात फेकताच येत नाहीत असं नाही. फक्त ते त्या फेकीसाठी बांधलेले हवेत.

पंख रुंद केल्यावर विमान डुचमळत का जातं? नाक वर, मग खाली, पुन्हा वर.

गुरुत्वमध्य मागे सरकला आहे. नाकाकडच्या घड्या कमी करूनच तुम्ही पंखांना कागद दिला असणार, त्यामुळे पुढचं वजन कमी झालं. नाकात आणखी एक घडी घाला किंवा छोटी पेपरक्लिप लावा. क्लिप सुमारे अर्धा ग्रॅमची असते, म्हणजे 5 ग्रॅमच्या विमानात दहा टक्के भर. एवढ्याने चित्र पालटतं. आणि उलट, विमान सरळ नाकावर जात असेल तर मागची कड एक-दोन मिलीमीटर वर वळवा. त्याहून जास्त नको.

एकाच बाजूला वळतं, त्याचं काय?

डावा-उजवा पंख सारखे नाहीत. विमान डोळ्यांच्या उंचीला धरून नाकासमोरून बघा, टोकं वरखाली असतील तर लगेच दिसतं. रुंद पंखांत ही चूक जास्त छळते, कारण टोक मध्यापासून जितकं लांब, तितकी तिथली बारीकशी वाकही विमानाला जोरात कलंडवते. दोन्ही पंख समोरून किंचित वर गेलेले ठेवा. रुंद विमानाला हे आवश्यकच आहे, अरुंद बाणाला एवढी गरज नसते.

शाळेच्या प्रकल्पात फक्त रुंदीच बदलायची, बाकी काही नाही. हे कसं जमवायचं?

खरं सांगायचं तर पूर्ण जमत नाही, आणि प्रकल्पात हे लिहिलंत तर परीक्षक खूशच होतील. तीन मार्ग आहेत, तिघांतही काही ना काही सोबत बदलतं.

पहिला मार्ग पोटाची उंची बदलण्याचा. असा नमुना घ्या ज्यात नाकाच्या सगळ्या घड्या पुढे राहतात आणि मागची कड पूर्ण 21 सेंटीमीटर उरते. पुढचे दोन कोपरे मध्यरेषेवर आणून त्रिकोण करा, तो त्रिकोण खाली दुमडा, नवे कोपरे पुन्हा मध्यरेषेवर आणा, खालून डोकावणारं छोटं टोक वर दुमडून त्यांना अडकवा आणि मग विमान मधोमध मिटा. आता पंखाची घडी पोटाच्या तळापासून किती अंतरावर घालायची एवढंच ठरवायचं. तळापासून 2 सेंटीमीटरवर घातली तर मागची रुंदी 17 सेंटीमीटर येते, 3 वर 15, 4 वर 13, 5 वर 11. एक सेंटीमीटर पोट वाढलं की दोन सेंटीमीटर रुंदी गेली. कागद, वजन आणि नाक सगळं तेच. बदलतं ते पोट: खोल पोटाचं विमान दिशा जास्त धरून ठेवतं, शिवाय पकडायलाही सोपं.

दुसरा मार्ग कात्रीने पंखांची टोकं कापण्याचा. दिसायला सर्वांत सरळ, पण वजन कमी होतं आणि गुरुत्वमध्यही पुढे सरकतो. कापलेले तुकडे पोटात चिकटवून वजन भरून काढता येतं. मला हा मार्ग फारसा आवडत नाही, कारण एकदा कापलं की मागे फिरता येत नाही.

तिसरा मार्ग टोकं उभी दुमडण्याचा. सगळी विमानं सर्वांत रुंद मापाची घडवा आणि टोकाची 1, 2 किंवा 3 सेंटीमीटरची पट्टी काटकोनात वर करा. वजन तेच, पोट तेच, आणि पट्टी उलगडली की जुनं विमान परत. फक्त उभ्या पट्ट्या शेपटीच्या उभ्या पंखाचं काम करू लागतात आणि टोकाचे भोवरेही थोडे अडवतात, त्यामुळे रुंदी कमी केल्याचा तोटा आहे त्यापेक्षा कमी दिसतो.

एकच मार्ग निवडायचा तर पहिला. वेळ असेल तर पहिला आणि तिसरा दोन्ही करा. दोघांचं उत्तर एकाच दिशेला गेलं, तर ते रुंदीमुळे आहे असं छातीठोकपणे म्हणता येईल.

स्वतंत्र चल, अवलंबी चल काय लिहायचं?

स्वतंत्र चल: पंखांची रुंदी. अवलंबी चल: पहिल्यांदा जमिनीला टेकेपर्यंतचं अंतर. नियंत्रित चल: कागद, वजन, नाकाच्या घड्या, सोडण्याची उंची, कोन, वेग, जागा. घसरत गेलेलं अंतर मोजू नका. ते फरशी मोजणं झालं.

हाताने फेकलं तर चालेल का?

खेळायला चालेल, तुलनेला नाही. नकळत हात आपल्या आवडत्या विमानाला जास्त जोर लावतो. रबरबँडचा लाँचर करा: फळीच्या कडेला रबर अडकवा, विमानाच्या नाकाखाली पेपरक्लिपचा आकडा लावा, फळीवर रेघ मारा आणि प्रत्येक वेळी त्या रेघेपर्यंतच ताणा. फळीखाली पुस्तकं ठेवून कोन कायम करा. सगळी विमानं एकाच वजनाची असल्याने सारख्या ताणाला सुटण्याचा वेगही जवळपास सारखाच येतो. क्लिप मात्र सगळ्यांनाच लावा.

आणि फळीवर एक नाही, दोन रेघा मारा, एक जवळ आणि एक लांब. प्रत्येक रुंदी दोन्ही ताणांवर उडवा. माझ्या मते संपूर्ण प्रयोगाचा जीव इथे आहे. एकाच ताणावर केलेला प्रयोग "15 सेंटीमीटर सर्वांत चांगलं" असं काहीतरी सांगेल आणि रबर बदललं की ते खोटं ठरेल. दोन ताणांचे दोन आलेख काढले, तर हळू फेकीचा शिखरबिंदू रुंद बाजूला आणि जोरदार फेकीचा अरुंद बाजूला सरकलेला दिसण्याची शक्यता चांगली आहे.

किती वेळा उडवायचं?

प्रत्येक मापाला निदान दहा वेळा. सरासरीसोबत मध्यकही लिहा. एखादी फेक भिंतीला आपटून दोन मीटरवर संपली, तर सरासरी उगाच खाली ओढली जाते, मध्यकावर फारसा परिणाम होत नाही. मापांचा क्रमही मिसळून घ्या, कारण दमट हवेत कागद मऊ होत जातो आणि शेवटी उडवलेल्या विमानावर अन्याय होतो.

प्रत्येक रुंदीला मागची कड नव्याने जुळवायची की सगळ्यांना सारखीच ठेवायची?

नव्याने जुळवायची. न जुळवलेलं रुंद विमान आणि जुळवलेलं अरुंद विमान यांची तुलना म्हणजे रुंदीची नाही, कारागिरीची परीक्षा. आधी सगळी विमानं अलगद सोडून सरळ तरंगतील अशी करा, मोजणी त्यानंतर.

मैदानात उडवलं तर?

नको. रुंद आणि सावकाश विमानाचा वेग सेकंदाला तीन मीटर; अंगाला जेमतेम जाणवणारी झुळूकही त्याच्या निम्म्या वेगाची असू शकते. मग अंतर वाऱ्याचं येतं. बंद सभागृह किंवा लांब व्हरांडा, पंखे बंद.

पंख खऱ्या विमानासारखे वरून फुगीर करावेत का?

गरज नाही. इतक्या लहान आणि सावकाश पंखाला पातळ सपाट कागद चांगलाच चालतो. हलकासा बाक दिला तर थोडा फायदा होतो, पण दोन्ही पंखांना सारखा बाक देणं कठीण आहे आणि तो टिकतही नाही.

मोठा कागद घेऊन पंख आणखी रुंद केले तर?

80 जीएसएमचाच ए-थ्री घेतला तर वजन दुप्पट, 10 ग्रॅम, आणि क्षेत्रफळही दुप्पट. पंखाच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर येणारा भार तोच, म्हणून तरंगण्याचा वेगही तोच. फायदा व्हायला हवा, पण कागदाची जाडी वाढलेली नसते. कडेला आडव्या पसरलेल्या पंखाचं लवणं रुंदीच्या चौथ्या घातानुसार वाढतं. रुंदी 1.41 पट झाली की टोक चौपट लवतं. ते टाळायला जाड कागद घ्यावा, तर वजन वाढतं आणि त्यासोबत वेगही.

हेच टोकाला नेलं की काय होतं, तेही झालेलं आहे. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या विद्यार्थ्यांनी 1995 मध्ये 13.97 मीटर रुंद पंखांचं कागदी विमान बंद जागेत 34.80 मीटर उडवलं. 2013 मध्ये जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग इथे 18.21 मीटर रुंदीचं विमान झालं. वजन 24 किलो. अडीच मीटरच्या जरा कमी उंचीच्या चौथऱ्यावरून ते सोडलं आणि 18 मीटर गेलं, म्हणजे स्वतःच्या रुंदीपेक्षा किंचित कमीच.